छोट्या व्यवसायातील अंतर्गत प्रक्रिया: ओळखण्यापासून घडी बसवण्यापर्यंत

चार-पाच माणसांचा व्यवसाय दहा-पंधरा माणसांवर गेला की कामाची रीत बदलावी लागते. सुरुवातीला सगळे एकाच खोलीत असतात, एकाच्या कानावर पडलेले दुसऱ्यालाही आपोआप कळते आणि उरलेले मालकाच्या लक्षात असते. माणसे वाढल्यावर तेच काम तीन-चार हातांतून जाऊ लागते आणि प्रत्येक हातबदलात थोडी माहिती गळते. ग्राहकाने फोनवर सांगितलेला बदल कारागिरापर्यंत पोचत नाही, माल रवाना होतो पण बिल जायचे राहते, आणि एक माणूस रजेवर गेला की त्याच्याकडचे सगळे काम त्याच्या परतण्याची वाट पाहत पडून राहते. अशा वेळी बहुतेक मालक आणखी एक माणूस नेमतात किंवा एखादे सॉफ्टवेअर विकत घेतात. त्याआधी आपल्याकडे काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहून, लिहून आणि नीट लावून घेणे आवश्यक असते. एका छोट्या व्यवसायात हे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केले आहे. त्यात सर्वाधिक गोंधळ हातबदलाच्या जागी आढळला, म्हणून या लेखात भर त्यावरच आहे.

सुरुवात करण्यापूर्वी काय हाताशी हवे

महागडी साधने लागत नाहीत. मोठे कोरे कागद, चिकटचिठ्ठ्या, पेन्सिल, एक स्प्रेडशीट आणि सर्वांना उघडता येईल असे एक सामायिक फोल्डर एवढे पुरेसे आहे. कागदपत्रे मात्र आधीच गोळा करून ठेवावीत:

- मागील तीन महिन्यांतील ऑर्डर, बिले आणि जमा-येणे यांची यादी;
- ग्राहकांच्या तक्रारी आणि परत आलेल्या कामांच्या नोंदी, त्या केवळ संदेशांत असल्या तरी;
- सध्या वापरात असलेले सर्व फॉर्म, वह्या, कोटेशनचे नमुने आणि स्प्रेडशीट;
- कोण कोणते काम पाहतो याची यादी, प्रत्यक्षात जसे आहे तशी;
- कोणत्या खात्याचा, यंत्राचा किंवा कपाटाचा ताबा कोणाकडे आहे याची नोंद.

शेवटची नोंद अनेकांना अनावश्यक वाटते. पण व्यवसायाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो, ही बाब सहसा ही नोंद करतानाच प्रथम उघड होते.

१. विभाग आणि प्रक्रिया यांत गल्लत करू नका

प्रक्रिया म्हणजे ठरावीक घटनेने सुरू होणारे, ठरावीक निष्पत्तीवर संपणारे आणि पुन्हा पुन्हा घडणारे काम. ‘हिशेब’ ही प्रक्रिया नाही, तो विभाग आहे. ‘माल रवाना झाल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत’ ही प्रक्रिया आहे, आणि ती गोदाम, हिशेब व विक्री या तिघांच्या हातांतून जाते. विभागवार यादी केली तर प्रत्येकाचे आपापले काम व्यवस्थित दिसते आणि मधल्या जागा कोणाच्याच यादीत येत नाहीत. म्हणून प्रक्रियेला नाव देताना सुरुवात आणि शेवट दोन्ही नावात आणावेत: ‘चौकशीपासून ऑर्डर पक्की होईपर्यंत’, ‘तक्रार आल्यापासून ती मिटेपर्यंत’, ‘साठा कमी झाल्यापासून नवा माल फळीवर लागेपर्यंत’. नाव लांबते, पण कोणते काम आत आणि कोणते बाहेर यावरचा वाद तिथेच मिटतो.

२. चार बाजूंनी शोधून यादी करा

एका बैठकीत आठवून केलेली यादी नेहमी अपुरी राहते, कारण रोजच्या सवयीची कामे आठवतच नाहीत. म्हणून चार वेगवेगळ्या बाजूंनी शोध घ्यावा.

पहिली बाजू ग्राहकाची: त्याने प्रथम संपर्क केल्यापासून त्याचा शेवटचा प्रश्न मिटेपर्यंत काय काय घडते ते क्रमाने लिहावे. दुसरी बाजू दिनदर्शिकेची: रोज, दर आठवड्याला, महिनाअखेरीस आणि वर्षातून एकदा काय करावे लागते हे पाहिले की पगार, करभरणा, साठामोजणी आणि परवान्यांचे नूतनीकरण यांसारखी कामे सापडतात. तिसरी बाजू कागदांची: प्रत्येक फॉर्म आणि प्रत्येक स्प्रेडशीट कोणत्या ना कोणत्या प्रक्रियेचा भाग असते. जी कोणत्याच प्रक्रियेत बसत नाही, ती बंद करता येईल का हे विचारावे.

चौथी बाजू सर्वांत फलदायी आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. एक आठवडा मालकाने किंवा व्यवस्थापकाने एक छोटी वही जवळ ठेवावी आणि आपल्याला विचारला गेलेला प्रत्येक कामाचा प्रश्न त्यात लिहावा: कोणी विचारला, कशाबद्दल, उत्तर काय दिले. ‘या ग्राहकाला उधारी द्यायची का?’, ‘हा तुकडा चालेल का?’, ‘आगाऊ रक्कम आली नाही, तरी काम सुरू करू का?’ असे प्रश्न आठवड्यात अनेकदा येतात आणि त्यांची उत्तरे जवळजवळ सारखीच असतात. ज्या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर मिळते, तिथे नियम अस्तित्वात आहे पण तो फक्त एका माणसाला ठाऊक आहे. ज्या प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर मिळते, तिथे निर्णय अजून झालेलाच नाही. पहिल्या प्रकारचे प्रश्न लिहून काढले की लगेच सुटतात; दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आधी बसून ठरवावे लागते. ही वही पुढे जपून ठेवावी.

यादी फार लांबू लागली, तर पायऱ्यांनाच प्रक्रिया म्हटले जात आहे असे समजावे. ‘पावती छापणे’ ही पायरी आहे. ती ज्या साखळीत येते तिला यादीत स्थान द्यावे.

३. पहिल्या तीन प्रक्रिया निवडा

सगळ्या प्रक्रिया एकदम हाती घेतल्या तर एकही पूर्ण होत नाही. प्रत्येकीपुढे चार प्रश्न लिहून निवड करावी: ती किती वेळा घडते, चुकल्यास किती नुकसान होते, ती एकाच माणसावर अवलंबून आहे का, आणि तिच्यात पैसे अडकतात का. ज्या प्रक्रियांना यांपैकी तीन किंवा चार बाबतींत वजन आहे, त्या आधी घ्याव्यात. बहुतेक ठिकाणी ऑर्डर स्वीकारण्याची आणि येणे वसूल करण्याची प्रक्रिया पहिल्या तिनांत येतेच.

क्वचित घडणारी पण चुकल्यास महाग पडणारी कामे वेगळ्या यादीत ठेवावीत. संगणकातील माहितीची राखीव प्रत परत आणणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. प्रत घेतली जाते, पण ती परत आणून पाहिलेली नसते आणि गरज पडते त्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही. अशा कामांसाठी सविस्तर लिखाणापेक्षा तपासयादी अधिक उपयोगी पडते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाण होताच कोसळले, कारण विमान वर-खाली व बाजूला वळवणारे हलते भाग जमिनीवर असताना स्थिर ठेवणारे कुलूप काढायचे राहिले होते. वैमानिक निष्णात होते. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी तपासयाद्या वापरात आल्या. तपासयादी दिल्यामुळे आपल्या कौशल्यावर अविश्वास दाखवला असे एखाद्या अनुभवी कर्मचाऱ्याला वाटले, तर हे उदाहरण त्याला जरूर सांगावे.

४. काम आहे तसे पाहा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. निवडलेल्या प्रक्रियेतील एक खरी, नुकतीच पूर्ण झालेली ऑर्डर घ्यावी आणि ती ज्या ज्या हातांतून गेली त्या प्रत्येकाजवळ बसून तिचा माग काढावा. ‘साधारणपणे आम्ही असे करतो’ हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नये. ‘या ऑर्डरच्या वेळी काय झाले?’ असे विचारावे. सर्वसाधारण वर्णनात काम सरळ दिसते, विशिष्ट ऑर्डरच्या वर्णनात त्यातले वळसे दिसतात.

एखाद्या छपाईच्या कार्यशाळेचे उदाहरण घेऊ. ग्राहकाने मजकूर संदेशाने पाठवला, विक्री पाहणाऱ्याने तो मांडणी करणाऱ्याला पुढे धाडला, मांडणी तयार झाली, ग्राहकाने फोनवर दोन दुरुस्त्या सांगितल्या, आणि आता फोल्डरमध्ये ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’ आणि ‘अंतिम दुरुस्त’ अशा तीन फाइली आहेत. यंत्रावर बसलेल्या माणसाला कोणती फाइल छापायची हे नावावरून कळत नाही, म्हणून तो मांडणी करणाऱ्याला विचारतो. तो जागेवर नसेल तर यंत्र थांबते किंवा चुकीची फाइल छापली जाते. इथे तिघांपैकी कोणाचेही काम निकृष्ट नाही. ग्राहकाची मंजुरी कुठे नोंदवायची आणि मंजूर फाइल कोणत्या एकाच जागी ठेवायची, हे ठरलेले नाही.

प्रत्येक माणसाला पुढील प्रश्न विचारावेत:

- हे काम तुमच्याकडे कोणाकडून आणि कशाच्या रूपात येते?
- ते आले आहे हे तुम्हाला कसे कळते?
- त्यात कोणती माहिती वारंवार अपुरी असते?
- काम पूर्ण झाले हे तुम्ही कशावरून ठरवता?
- पुढे कोणाला देता, आणि त्याला मिळाले हे तुम्हाला कसे समजते?
- तुम्ही रजेवर असता तेव्हा हे कोण करतो?

‘तुम्ही असे का करता?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळावा. तो ऐकला की माणूस वर्णन सोडून समर्थन करू लागतो. त्याचप्रमाणे, ही पाहणी माणसे कमी करण्यासाठी किंवा कोणाच्या चुका मोजण्यासाठी नाही, हे मालकाने सर्वांसमोर स्पष्ट सांगावे आणि ते पाळावे. एकदा हा विश्वास गेला की पुढे मिळणारी सगळी उत्तरे पुस्तकी असतात.

पाहताना प्रत्येक पायरीपुढे दोन वेळा नोंदवाव्यात: प्रत्यक्ष काम करण्यास लागलेला वेळ आणि काम नुसते पडून राहिलेला वेळ. ही पद्धत नवी नाही. कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्याची, म्हणजे कामाच्या पायऱ्या चिन्हांनी दाखवणाऱ्या तक्त्याची, कल्पना मांडली, आणि १९४७ मध्ये त्याच संस्थेने क्रिया, तपासणी, वाहतूक, खोळंबा आणि साठवण अशा पाच बाबींची चिन्हे प्रमाणित केली. पाचांपैकी चार बाबी प्रत्यक्ष कामाच्या बाहेरच्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. छोट्या व्यवसायातही एकूण वेळेचा मोठा भाग खोळंब्यात जातो आणि तो कोणाच्याच वहीत दिसत नाही.

खोळंब्याचा अंदाज बांधण्यासाठी एक साधे गणित आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, हातात असलेल्या कामांची सरासरी संख्या ही कामे येण्याचा सरासरी वेग आणि एका कामाला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. रोज सरासरी ५ ऑर्डर येत असतील आणि कोणत्याही दिवशी सुमारे ३० ऑर्डर अपुऱ्या अवस्थेत पडलेल्या असतील, तर एका ऑर्डरला सरासरी ६ दिवस लागत आहेत. प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे असेल, तर उरलेले साडेपाच दिवस ती कुठे थांबते हे शोधायचे आहे.

५. एका पानावर उतरवा

प्रत्येक प्रक्रियेसाठी एकच पान ठरवावे. त्यावर नाव, उत्तरदायी व्यक्ती, सुरुवातीची घटना, शेवटची निष्पत्ती, लागणारी माहिती, क्रमाने पायऱ्या, नेहमीचे अपवाद आणि नोंद कुठे ठेवायची एवढे असावे. पायऱ्या साधारण डझनाच्या आत बसाव्यात. अधिक होत असतील तर प्रक्रिया दोन भागांत तोडावी. चित्र काढायचे असल्यास सुरुवात-शेवटासाठी लंबगोल, कामासाठी आयत आणि निर्णयासाठी टोकावर उभा समभुज चौकोन, ही तीन चिन्हे पुरतात.

‘योग्य ती काळजी घ्यावी’, ‘वेळेत कळवावे’, ‘आवश्यकतेनुसार मंजुरी घ्यावी’ अशी वाक्ये पानावर येऊ देऊ नयेत. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कुठे आणि कधीपर्यंत हे असले पाहिजे. वरच्या उदाहरणातील पायरी अशी लिहिता येईल: ‘ग्राहकाची मंजुरी लेखी संदेशाने मिळाल्यावर मांडणी करणाऱ्याने ती फाइल त्याच दिवशी “छपाईस मंजूर” या फोल्डरमध्ये हलवावी आणि ऑर्डर-यादीत मंजुरीची तारीख लिहावी. यंत्रचालकाने या फोल्डरबाहेरची कोणतीही फाइल छापू नये.’ यातले दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण नियम मोडायची वेळ कोणावर येते आणि तेव्हा त्याने काय करायचे, हे त्यात ठरते.

किती लिहायचे याबाबत नवख्यांवर मोठ्या कंपन्यांच्या जाड पुस्तिकांचे दडपण असते. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिका आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ च्या आवृत्तीने ती सक्ती काढली आणि आपल्या कामासाठी आवश्यक तेवढी माहिती लेखी ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर सोपवली. माझे मत असे की, ज्या पायरीवर दोन माणसे वेगवेगळे वागतात तिथे सविस्तर लिहावे आणि जिथे सगळे आपोआप बरोबर करतात तिथे एक ओळ पुरे.

६. उत्तरदायित्व आणि हातबदल ठरवा

एका प्रक्रियेला एकच उत्तरदायी व्यक्ती असावी. काम अनेक जण करतील, पण प्रक्रिया अडली तर कोणाकडे जायचे याचे उत्तर एकाच नावाचे हवे. त्याखाली बदली माणसाचे नावही लिहावे आणि त्याने ते काम महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष करावे. कागदावर नेमलेला पण कधीच न केलेला बदली माणूस ऐन वेळी उपयोगाचा नसतो.

हातबदलाचा नियम सोपा ठेवावा: पुढच्याने ‘मिळाले, पुरेसे आहे’ असे नोंदवेपर्यंत काम मागच्याच्याच नावावर राहते. या एका नियमाने ‘मी तर पाठवले होते’ हा वाद बराच कमी होतो. ‘पुरेसे’ म्हणजे काय हेही लिहावे, उदाहरणार्थ नग, माप, रंग, पोचवण्याची तारीख आणि आगाऊ रकमेची पावती यांशिवाय ऑर्डर कार्यशाळेत घेऊ नये.

पैशांच्या प्रक्रियांत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. जो माणूस पुरवठादारांना पैसे पाठवतो, त्यानेच बँकेच्या उताऱ्याशी हिशेब ताडून पाहू नये. माणसे कमी असल्याने कामे वाटणे शक्य नसेल, तर मालकाने दर महिन्याला बँकेचा उतारा स्वतः ओळ न ओळ पाहावा. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला, तर आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल करू नये. त्या ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करणे निरर्थक आहे, कारण फसवणूक करणारा तोच क्रमांक देतो.

७. आधी सुधारा, मग सॉफ्टवेअर

आता पानावरच्या प्रत्येक पायरीला क्रमाने चार प्रश्न लावावेत: ही काढता येईल का, दुसरीत मिळवता येईल का, आधी किंवा नंतर नेता येईल का, सोपी करता येईल का. तीच माहिती दोन ठिकाणी लिहिली जात असेल तर एक जागा बंद करावी. मंजुरीसाठी काम थांबत असेल तर ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय खालच्या पातळीवर सोपवावा. ती रक्कम किती असावी हे मालकाच्या प्रश्नवहीतून सहज ठरते.

सॉफ्टवेअर त्यानंतर घ्यावे. विस्कळीत प्रक्रियेवर सॉफ्टवेअर चढवले की लोक त्यात नाइलाजाने माहिती भरतात आणि खरे काम पूर्वीसारखेच संदेशांवर चालवतात, म्हणजे नोंदी दुप्पट होतात. निवडताना आपली माहिती सर्वसाधारण फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे.

८. अनोळखी माणसाकडून चाचणी घ्या

ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा सहकाऱ्याच्या हाती पान द्यावे आणि एक खरे काम करायला सांगावे. लिहिणाऱ्याने शेजारी बसावे, पण बोलू नये. तो जिथे थांबतो, मान वर करून पाहतो किंवा कोणाला विचारायला उठतो, तिथे खूण करावी; त्या प्रत्येक खुणेपाशी पानात काहीतरी राहून गेले आहे. दुरुस्ती करून हीच चाचणी दुसऱ्या माणसाकडून घ्यावी. मग दोन आठवडे सर्वांनी त्या पानाप्रमाणे काम करावे आणि सूचना थेट छापील प्रतीवर पेन्सिलीने लिहाव्यात.

९. नीट ठेवा आणि चालू ठेवा

सर्व पाने एकाच फोल्डरमध्ये असावीत आणि वापरात असलेली आवृत्ती एकच असावी. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटची दुरुस्ती कोणी व कधी केली हे लिहावे.

प्रत्येक प्रक्रियेसाठी दोनच आकडे मोजावेत: सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेले दिवस आणि पुन्हा करावी लागलेली कामे. दहा-बारा आकडे मोजायचे ठरवले की दुसऱ्या महिन्यात मोजणीच बंद पडते. आकडा बिघडला तर उत्तरदायी व्यक्तीने नुकत्याच झालेल्या एका कामाचा चौथ्या टप्प्यातील रीतीने पुन्हा माग काढावा.

माणूस, यंत्र, पुरवठादार किंवा कायद्याची अट बदलली की संबंधित पान त्याच आठवड्यात दुरुस्त करावे. काहीच बदलले नाही तरी सहा महिन्यांतून एकदा ते काम करणाऱ्यांसोबत बसून वाचावे. पानावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे असे आढळल्यास, प्रत्यक्ष रीत अधिक चांगली आहे का हे आधी पाहावे. पुष्कळदा ती असते, आणि मग पानच बदलावे. रद्द झालेले पान ‘जुने’ या फोल्डरमध्ये हलवावे, तसेच यंत्राजवळ व टेबलांवर लावलेल्या त्याच्या छापील प्रती त्याच दिवशी काढाव्यात. त्यानंतर निवडयादीतील पुढची प्रक्रिया हाती घ्यावी.